आठ रुळांचे सहा केले : मॉडेल रेल्वेचं यार्ड नव्याने आखताना

रात्रीचे साडेनऊ. तळघरात सात माणसं, त्यांतली पाच हाताची घडी घालून उभी. शिकागोकडून आलेली मालगाडी यार्डाच्या तोंडाशी अडकलेली, तिच्या मागे टोलेडोची, आणि बफेलोला जायची गाडी निघायला तयार असूनही निघू शकत नव्हती, कारण शंटिंगचं, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवणारं, इंजिन अकरा वाघिणी (मालाचे डबे) घेऊन मेन लाईनवरच उभं होतं. यार्डमास्टर झालेला मित्र घामाघूम. चहा तिसऱ्यांदा झाला. शेवटी कुणीतरी म्हणालं, "अरे, हे यार्ड आहे की शनिवारची तुळशीबाग?"

माझं यार्ड, म्हणजे आलेल्या गाड्या फोडून वाघिणी दिशांप्रमाणे लावायची जागा, दिसायला झकास होतं. आठ रूळ, सगळे वाघिणींनी भरलेले, फोटो काढावा असे. पण तीन तासांच्या खेळात त्याने सगळ्यांचा वेळ खाल्ला. मग ते उखडून पुन्हा आखलं. त्या सगळ्या उद्योगात जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो.

आधी दोन शब्द, ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे गाड्या धावताना बघायच्या आणि खूश व्हायचं. ऑपरेटिंग सेशन ही वेगळी गोष्ट. इथे एक जण डिस्पॅचर, म्हणजे गाड्यांना वाट देणारा, असतो, एक यार्डमास्टर, बाकीचे ड्रायव्हर आणि गार्ड. प्रत्येक वाघिणीचं एक कार्ड असतं आणि त्यावर तिला कुठून कुठे जायचंय ते लिहिलेलं असतं. घड्याळ चौपट वेगाने पळतं. खरी मालगाडी जे करते तेच आपण करायचं, फक्त १:८७ मापात, म्हणजे एचओ स्केलमध्ये.

माझा लेआउट, म्हणजे रुळांची अख्खी मांडणी, अमेरिकेतल्या ओहायोमधल्या बेलव्ह्यू गावावर बेतलेला आहे, काळ १९५५ सालचा. निकेल प्लेट रोड या रेल्वेचं ते मोठं जंक्शन. बफेलो ते शिकागो ही मुख्य लाईन तिथून जायची. १९४९ साली निकेल प्लेटने व्हीलिंग अँड लेक एरी ही रेल्वे भाड्याने चालवायला घेतली, तिची टोलेडो आणि ब्रूस्टरकडची लाईनही बेलव्ह्यूतच भेटायची, आणि उत्तरेला एरी सरोवराकाठच्या सँडस्कीला एक लाईन जायची. एवढ्या दिशा एका गावात आल्या की यार्ड हाच खेळाचा जीव होतो. तो जीवच गुदमरला तर बाकी लेआउट कितीही देखणा असो, उपयोग नाही.

शब्दांबद्दल एक खुलासा. माझं बालपण दौंडला रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं, त्यामुळे ओहायोच्या यार्डातही माझ्या तोंडी सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा), शंटिंग नेक, सिक लाईन, ब्रेक व्हॅन (मालगाडीच्या शेवटचा गार्डाचा डबा) हेच येतं. अमेरिकन मित्रांनी आता 'सांधा' उचललाय. 'वाघीण' मात्र त्यांना अजून नीट जमत नाही.

हात लावण्याआधी एक रात्र नुसती बघण्यात घालवा

पहिली पायरी फुकट आहे, म्हणून सगळे ती टाळतात. एका सेशनला स्वतः काहीही चालवू नका. यार्डाजवळ स्टूल टाका, वही घ्या आणि दर वेळी कुणी थांबलं की लिहा : किती वाजता, कोण, कशासाठी थांबलं. सल्ला द्यायचा नाही. हे सगळ्यात अवघड.

माझ्या वहीत त्या रात्री तेवीस नोंदी झाल्या. त्यांतल्या अकरा एकाच कारणाच्या : शंटिंगचं इंजिन मेन लाईनवर आल्यामुळे दुसरी गाडी थांबली. सहा वेळा आलेल्या गाडीला घ्यायला रूळ मोकळा नव्हता. तीन वेळा मोठं इंजिन आपल्याच गाडीमागे कोंडलं गेलं. उरलेल्या तीन घसरणीच्या. 'सॉर्टिंगला रूळ कमी पडले' अशी नोंद मात्र एकही नव्हती! आणि मी तर त्याआधी महिनाभर नववा रूळ कुठे बसेल ते शोधत होतो.

दुसरी मोजदाद वाघिणींची. एका सेशनमध्ये यार्डात किती वाघिणी येतात, किती बाहेर जातात, सर्वांत लांब गाडी केवढी, आणि वाघिणी वेगळ्या करायच्या दिशा किती. माझ्याकडे नऊ गाड्या यार्डाला लागायच्या, त्यांतून ६८ वाघिणी यायच्या. सर्वांत लांब गाडी १४ वाघिणींची, वर ब्रेक व्हॅन आणि बर्कशायर जातीचं वाफेचं इंजिन. चाळीस फुटी वाघीण एचओमध्ये कपलिंगसकट सुमारे सहा इंच भरते. म्हणजे ८४ इंच वाघिणी, साडेपाच इंच ब्रेक व्हॅन, टेंडरसकट इंजिन १४ इंच. एकूण पावणेनऊ फुटांच्या आसपास. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. पुढे पन्नास वेळा लागतो.

तिसरी मोजदाद वेळेची, आणि ती फार कमी लोक करतात. खऱ्या यार्डात लूज शंटिंग चालतं : इंजिन धक्का देतं, वाघीण सुटते आणि घरंगळत आपल्या रुळावर जाते. मॉडेलमध्ये ते जमत नाही. प्रत्येक वाघीण जागेपर्यंत ढकलत न्यावी लागते. घड्याळ लावून पाहिलं तर आमच्याकडे एका वाघिणीला सरासरी चाळीस सेकंद लागत होते. ६८ वाघिणींना एकदा हात लावायचा तर पंचेचाळीस मिनिटं. दोनदा लावला तर दीड तास. तीनदा लावला तर सव्वादोन तास, आणि मग तीन तासांच्या सेशनमध्ये श्वास घ्यायलाही फुरसत नाही. नवी आखणी करताना मी प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारला : यामुळे एका वाघिणीला हात किती वेळा लागेल?

शंटिंग नेक : सगळं इथेच अडतं

अमेरिकेत याला यार्ड लीड म्हणतात, आपल्या रेल्वेत शंटिंग नेक. सॉर्टिंगचे सगळे रूळ ज्या एका रुळाला येऊन मिळतात त्याचं पुढचं शेपूट. शंटिंगचं इंजिन वाघिणींची माळ घेऊन इथे मागे येतं आणि सांधा बदलला की दुसऱ्या रुळावर जातं. दिवसभर पुढे-मागे, पुढे-मागे. नेक आखूड असेल तर इंजिनाला मेन लाईनवर जावं लागतं, आणि मग यार्डात एक वाघीण हलली की अख्खी रेल्वे थांबते.

माझी नेक तीन फुटांची होती. इंजिन आणि पाच वाघिणी, बस्स. अकरा वाघिणींचा रूळ उपसायचा तर तीन फेऱ्या मारा, नाहीतर मेन लाईनवर चढा. यार्डमास्टर साहजिकच मेन लाईनवर चढायचा.

नेकची लांबी किती असावी? किमान सर्वांत लांब सॉर्टिंग रुळाइतकी, अधिक इंजिन. पूर्ण गाडीइतकी मिळाली तर दुधात साखर. माझ्या हिशेबाने बारा वाघिणी आणि एक डिझेल शंटर (शंटिंगचं इंजिन), म्हणजे साडेसहा फूट. अर्धा फूट हात मोकळा राहावा म्हणून सात धरले.

भिंत मात्र तीन फुटांनंतर संपत होती. इथे बहुतेक जण हात टेकतात. पण नेक सरळच असायला हवी असं कुठे लिहिलंय? तिच्यावर वाघिणी जोडायच्या नसतात, फक्त ओढायच्या असतात. मी ती कोपऱ्यातून वळवली. तीस इंच त्रिज्येचं काटकोनी वळण घेतलं की ४७ इंच रूळ मिळतो, म्हणजे जवळजवळ चार फूट. तीन आणि चार सात. त्या वळणाच्या जागी मी तीन महिने खपून बांधलेलं धान्याचं कोठार होतं. ते उचलताना बायको म्हणाली, "एवढं जीव लावून केलंस आणि आता रुळासाठी पाडतोस?" खऱ्या रेल्वेनेही हेच केलं असतं, असं उत्तर मी दिलं. पटलं नाही.

नेकच्या बाबतीत तीन गोष्टी पाळा. ती मेन लाईनला लागून असली तरी तिचा मेन लाईनशी रोजच्या शंटिंगमध्ये संबंध येऊ नये. तिच्यावर दुसरं काही लटकवू नका. 'इथून एक कारखान्याचं सायडिंग सहज निघेल' हा मोह प्रत्येकाला होतो, आणि त्या सायडिंगमध्ये वाघीण ठेवायची वेळ आली की नेक बंद. आणि वळण घेतलंत तर पहिल्या सांध्याच्या आधी निदान दोन वाघिणींइतका सरळ तुकडा ठेवा, नाहीतर वळणावर कपलिंग जुळत नाहीत.

गाडी आत घ्यायची जागा, आणि इंजिनाची सुटका

आलेली गाडी सॉर्टिंगच्या रुळावर घेऊ नये. तिच्यासाठी वेगळी रिसेप्शन लाईन हवी, दोन्ही टोकांनी मेन लाईनला जोडलेली. मॉडेलमध्ये जागा कमी म्हणून रिसेप्शन आणि डिपार्चर एकच केलं तरी चालतं, पण अशा लाईनी दोन हव्यात. एकीवर आलेली गाडी फोडली जात असताना दुसरीवर जाणारी गाडी तयार होते. लांबी भिंतीवर लिहिलेल्या आकड्याइतकी, वर पाऊण फूट. म्हणजे साडेनऊ फूट.

ही लांबी फाऊलिंग मार्कपासून फाऊलिंग मार्कपर्यंत मोजा, सांध्याच्या टोकापासून नाही. दोन रूळ जिथे इतके जवळ येतात की शेजारच्या वाघिणी एकमेकींना घासतील, तो फाऊलिंग मार्क. मी दोन वाघिणी शेजारी उभ्या करून मधे काडेपेटीतली काडी सहज जाईल अशी जागा शोधतो आणि तिथल्या स्लीपरला पांढरा रंग लावतो. जुन्या यार्डात हे केलं नव्हतं, त्यामुळे कागदावर अकरा वाघिणींचा असलेला रूळ प्रत्यक्षात नऊचाच निघाला होता.

आता इंजिनाची सुटका. पश्चिमेकडे जाणारी गाडी पूर्वेकडून आत शिरते तेव्हा तिचं इंजिन पार पश्चिम टोकाला पोहोचतं. माझी नेक पूर्वेला. शंटर मागून येऊन ब्रेक व्हॅन आणि वाघिणी ओढून नेतो, मोठं इंजिन पश्चिम टोकाने बाहेर पडतं, ठीक. पण पूर्वेकडे जाणारी गाडी आली की तिचं इंजिन नेमकं नेकच्या तोंडाशी, म्हणजे शंटरच्या वाटेत. त्याला झटकन बाजूला काढणारी क्रॉसओव्हर, म्हणजे शेजारच्या दोन रुळांना जोडणारी तिरकी वाट, हवी आणि तिथून लोकोशेडपर्यंत एक मोकळी वाट हवी. तिला मी 'पळवाट' म्हणतो. तिच्यावर कधीही, कसलीही वाघीण उभी करायची नाही. आमच्याकडे तिथे लाल पट्टी चिकटवली आहे, आणि नियम मोडणाऱ्याने पुढच्या वेळी सगळ्यांना वडे खिलवायचे.

आठाचे सहा का?

सॉर्टिंगचे रूळ फांद्यांसारखे एका तिरक्या रुळातून फुटतात. त्याला लॅडर म्हणतात, शिडी. शिडीची लांबी सांध्याच्या कोनावर ठरते, आणि हे गणित एकदा स्वतः करून पाहावं. नंबर ६ च्या सांध्यात रूळ सहा इंच पुढे जाताना एक इंच बाजूला सरकतो, कोन साधारण साडेनऊ अंश. रुळांमधलं अंतर दोन इंच ठेवलं तर शिडीवर एका सांध्यापासून दुसऱ्यापर्यंत १२ इंचांहून थोडं जास्त लागतं. आठ रुळांना सात सांधे : सात फूट नुसती शिडी! आणि शिडीवर वाघिणी ठेवता येत नाहीत. सहा रुळांना पाच सांधे, म्हणजे पाच फूट. दोन रूळ काढल्यावर उरलेल्या सहांना जवळपास दोन-दोन फूट मिळाले, प्रत्येकी चार वाघिणींची जागा. एकूण क्षमता जुन्याच्या जवळपासच राहिली.

नंबर ४ चे सांधे घेऊन शिडी आखूड करता येते. छोट्या वाघिणी आणि छोटा शंटर असेल तर चालून जातं. पण ८० फुटी प्रवासी डबे किंवा मोठी वाफेची इंजिनं त्यावरून जाणार असतील तर घसरणीची तयारी ठेवा. पीको कंपनीच्या स्ट्रीमलाईन मालिकेतल्या सांध्यांचा कोन लहान, मध्यम, मोठ्या तिन्हींत १२ अंशच असतो, त्यामुळे त्यांच्यात अदलाबदल सोपी जाते. मी शिडीला नंबर ६ आणि लोकोशेडकडे नंबर ५ वापरले.

आता रूळ कुणाला वाटायचे? गाड्यांना नाही, दिशांना. पहिला शिकागो (लायमा-पिओरियाच्या थोड्या वाघिणीही यातच), दुसरा बफेलो, तिसरा टोलेडो, चौथा ब्रूस्टर, पाचवा सँडस्की आणि गावातले कारखाने. सहावा रिकामा. अगदी रिकामा. सेशन सुरू होताना त्यावर काहीही नसतं. चुकून उलट्या क्रमाने आलेली माळ सरळ करायला, गाडीतून काढलेली एखादी वाघीण घटकाभर ठेवायला, दोन दिशा एकत्र आल्या तर वेगळ्या करायला तो रूळ लागतो. पत्त्यांच्या पेशन्समध्ये रिकामा रकाना असला की डाव सुटतो ना, तसंच हे.

सर्वांत जास्त वाघिणींची दिशा नेकला सर्वांत सरळ असलेल्या रुळाला द्या. माझ्याकडे शिकागोच्या वाघिणी सर्वांत जास्त, म्हणून शिकागोला एकच सांधा ओलांडावा लागतो. सँडस्कीला पाच.

यार्डाची दोन्ही टोकं उघडी ठेवावीत का, हा वाद कायमचा. दोन टोकं म्हणजे दोन शिड्या, दोन नेक, शक्यतो दोन शंटर. वीस-बावीस फुटांच्या आत माझं मत स्पष्ट आहे : एक टोक बंद ठेवा. दुसरी शिडी फक्त जागा खाते.

बारीकसारीक रूळ

ब्रेक व्हॅनसाठी वेगळा छोटा रूळ, नेकजवळ. १९८० च्या दशकानंतरचा काळ निवडला असेल तर अमेरिकन मालगाड्यांतून ब्रेक व्हॅन गेल्याच, हा रूळ वाचला. नादुरुस्त वाघिणींसाठी दोन वाघिणींची सिक लाईन. खऱ्या बिघडलेल्या मॉडेललाही तीच. कार्डाला लाल क्लिप लावायची आणि सेशननंतर दुरुस्ती. लोकोशेड यार्डाच्या वाटेत नको. एवढं पुरे.

कागदावर, मग जमिनीवर, मग रुळावर

संगणकावर आराखडा करा, हरकत नाही. पण स्क्रीनवर सगळंच बसतं. मी खाटकाकडे मिळतो तसा जाड तपकिरी कागदाचा रोल आणला, तळघराच्या फरशीवर पूर्ण मापात अंथरला, सांध्यांच्या छापील प्रती चिकटवल्या आणि पेन्सिलीने रूळ ओढले. मग खऱ्या वाघिणी त्यावर ठेवून, गुडघ्यांवर रांगत, हाताने ढकलत अख्खं सेशन खेळलो. दोन मित्र आले होते. तिघांचे मिळून सहा गुडघे दुखले. पण एका संध्याकाळीच कळलं की पहिली क्रॉसओव्हर उलट्या दिशेने काढली होती. रूळ बसवल्यावर कळलं असतं तर आठवडा गेला असता.

या टप्प्यावर माणसांचंही माप घ्या. यार्डाचा सर्वांत मागचा रूळ हाताच्या टप्प्यात हवा. माझ्या उंचीला तीस इंचांपुढे हात गेला की कोपर पुढच्या वाघिणींना लागतं. यार्डापुढच्या वाटेत दोन माणसं पाठीला पाठ लावून जाऊ शकली पाहिजेत. आमच्याकडे दोन जण जरा सुखवस्तू आहेत, त्यामुळे मी तीन फूट धरले.

उखडणं आणि बसवणं

जुने सांधे फेकू नका. खडी पांढऱ्या गोंदाने चिकटवली असेल तर कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून फवारा, वीस मिनिटं थांबा आणि पुट्टी लावायच्या पातळ पट्टीने हळूच उचला. माझे बारापैकी दहा सांधे सहीसलामत निघाले. सांध्याच्या हलत्या भागात गोंद शिरला असेल तर तो मात्र गेलाच समजा.

यार्डाची जमीन पाण्यासारखी सपाट हवी. मेन लाईनला चढ-उतार शोभतो, यार्डात नाही. धातूची चाकं असलेली वाघीण डोळ्यांना न दिसणाऱ्या उतारावरही चालू लागते, आणि कार्ड वाचायला मान वळवली की ती शिडीवर पोहोचलेली असते. लेव्हल लावाच, पण खरी परीक्षा सर्वांत हलकी चालणारी वाघीण दर फुटावर ठेवून बघण्याची.

रुळांमध्ये दोन इंच अंतर नेहमीचं. बोटं जाडी असतील तर सव्वादोन ठेवा. शिडी दर सांध्यामागे दीड इंचाने वाढते, पण प्रत्येक वाघीण उचलताना शेजारची आडवी होत नाही. नेक आणि शेजारची मेन लाईन यांच्यात मी तीन इंच सोडले, कारण तिथे हात सतत जातो.

वायरिंगमध्ये यार्डाला वेगळा विभाग आणि वेगळा सर्किट ब्रेकर द्या. यार्डात शॉर्ट होणारच. उलट्या सांध्यात इंजिन घालणं हा नवशिक्यांचा जन्मसिद्ध हक्क आहे. ब्रेकर वेगळा असला तर यार्ड दोन सेकंद अंधारात जातं, शिकागोची गाडी चालत राहते. मुख्य तार १४ गेजची, प्रत्येक रुळाला २२ गेजची जोडणी, रुळाचे तुकडे जोडणाऱ्या सांधेपट्ट्यांच्या भरवशावर वीज सोडू नका. सांध्याचा फ्रॉग, म्हणजे जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा, जिवंत ठेवा, म्हणजे त्यात वीज असू द्या. शंटर हळू चालतो आणि त्याची चाकं कमी. मेलेल्या फ्रॉगवर तो हमखास बंद पडतो.

शिडीचे सांधे मी मोटरवर न ठेवता हाताने फिरवायचे ठेवले. यार्डमास्टर तिथेच उभा असतो, पुढच्या कडेला बसवलेली साधी दांडी ओढणं बटण शोधण्यापेक्षा लवकर होतं. मोटर फक्त दूरच्या क्रॉसओव्हरना.

वाघिणींनाही शिस्त हवी

नव्या रुळांवर जुन्या वाघिणी घसरल्या तर दोष रुळांवर येतो. प्रत्येक वाघीण तीन तपासण्यांतून जाऊ द्या. वजन : अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या शिफारशीनुसार एचओला एक औंस अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस, म्हणजे सहा इंची वाघिणीला चार औंस, साधारण ११३ ग्रॅम. चाकांमधलं अंतर गेजने. आणि कपलिंगची उंची. केडी कंपनीचं मापयंत्र यासाठी मिळतं. मी ९० वाघिणी तपासल्या तेव्हा ३१ मध्ये काही ना काही निघालं.

वाघिणी सोडवायला रुळाखालची चुंबकं छान वाटतात, पण शिडीजवळ ती नको तेव्हा वाघिणी सोडतात. आम्ही कबाबच्या बांबूच्या काड्या टोकाला जराशा चपट्या करून वापरतो. कपलिंगच्या मधे घातली, हलकेच फिरवली, सुटली.

आणि मग सर्वांत कठीण काम. जुनं यार्ड सेशनच्या सुरुवातीलाच नव्वद टक्के भरलेलं असायचं. नव्याची क्षमता ७२ वाघिणी. सुरुवातीला पस्तीसपेक्षा जास्त ठेवायच्या नाहीत असं ठरवलं, म्हणजे चाळीस वाघिणी पेटीत गेल्या. त्यात मी स्वतः रंगवलेल्या होत्या. पण अर्ध्याहून जास्त भरलेलं यार्ड चालत नाही, हे वहीतल्या आकड्यांनीच दाखवलं होतं. आता दर सेशनला पेटीतल्या दहा बाहेर आणि लेआउटवरच्या दहा आत. कुणालाही चुकल्यासारखं वाटत नाही.

कार्डांच्या पेट्या

प्रत्येक रुळासमोर, लेआउटच्या कडेला, त्या रुळाच्या नावाची पेटी. वाघीण रुळावर गेली की तिचं कार्ड त्या पेटीत, लगेच. 'नंतर लावतो' म्हणालात की गोंधळ सुरू. पेट्यांचा क्रम रुळांच्याच क्रमाने असावा; माझ्या जुन्या यार्डात तो उलटा होता आणि नवीन यार्डमास्टर पहिला तासभर आरशात बघून दाढी केल्यासारखा वावरायचा.

यार्डमास्टरसाठी कडेला पाच ओळींचा कागद चिकटवलाय. गाडी रिसेप्शनवर घे. ब्रेक व्हॅन काढून तिच्या रुळावर ठेव. कार्डांची गड्डी वाघिणींच्या क्रमाने लाव. एका वेळी जास्तीत जास्त सहा वाघिणी नेकवर ओढ. एकाच दिशेच्या शेजारी शेजारी असतील तर एकत्रच ढकल. शेवटची ओळ सर्वांत जास्त वेळ वाचवते. बारा सुट्या ढकलण्याऐवजी सात गठ्ठे झाले की चाळीस सेकंदांचा हिशेबच बदलतो.

घरात जागाच नसेल तर

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहणारे माझ्यासारखं एकोणीस फुटांचं यार्ड कुठून आणणार? त्यांच्यासाठी इंग्लंडमधली इंग्लनूक सायडिंग्जची रचना आहे : तीन रूळ, एकावर पाच वाघिणी मावतात, दोनांवर तीन-तीन, आणि नेकवर इंजिन अधिक तीन वाघिणी. आठ वाघिणींमधून चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि नेमक्या त्या क्रमाने गाडी लावायची. शक्य क्रम ६,७२०. पुस्तकांच्या फळीवर मावतं आणि नेक आखूड असण्याचं दुःख काय असतं ते पहिल्या दहा मिनिटांत समजतं.

पहिलं सेशन

नवं यार्ड पाच महिन्यांनी चाललं. मी पुन्हा स्टुलावर, हातात वही. मुद्दाम सातच गाड्या ठेवल्या होत्या. मेन लाईनवर शंटर आला म्हणून थांबलेल्या गाड्या : शून्य. रिसेप्शन भरलेली म्हणून थांबलेली एक. एकूण नोंदी सहा, त्यांतल्या तीन एकाच कारणाच्या : ब्रेक व्हॅनचा रूळ मी पळवाटेच्या पलीकडे काढला होता, त्यामुळे दर गाडीला शंटर पळवाट ओलांडत होता आणि मोठं इंजिन शिट्टी वाजवत उभं राहत होतं.

कागदावर रांगताना आम्ही ब्रेक व्हॅन वापरल्याच नव्हत्या, कारण त्या दुसऱ्या पेटीत होत्या. आता तो रूळ अलीकडे आणायचा तर कोळशाचा टॉवर हलवावा लागेल. बायकोला अजून सांगितलेलं नाही.